उतरलेलं वजन कशाचं?

प्रति,
मा. जिल्हा वैद्यकीय व आरोग्य अधिकारी,
आदिलाबाद, तेलंगण



हे पत्र मराठीत लिहिते आहे आणि त्याचा तेलुगू तर्जुमा सोबत जोडते आहे. बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या मंडलांत घरोघरी मराठी बोलली जाते, हे आपल्याला ठाऊक आहेच. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. रेशन, पेन्शन, दवाखान्याचा कागद, सगळं तेलुगूत किंवा इंग्रजीत. पण संध्याकाळी ओट्यावर ‘तुमची शुगर किती निघाली’ ही चौकशी मराठीतच होते. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. इंग्रजी वाचता येतं म्हणून गावातली माणसं गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन माझ्याकडे येतात. कोणती सकाळची, कोणती रात्रीची, दोन्ही पट्ट्यांत एकच औषध तर नाही ना, एवढंच आधी सांगायची. हळूहळू नावं ओळखीची झाली, मग त्या औषधांबद्दल वाचत गेले, भेटेल त्या डॉक्टरांना विचारत गेले.

आपल्याकडे एकच मागणं आहे. शुगरच्या औषधावर असलेल्या माणसाच्या कागदावर साखरेचा आकडा असतो, बऱ्याचदा वजनही असतं. ते वजन उतरलं तर त्यात चरबी किती गेली आणि अंगातलं मांस, म्हणजे स्नायू, किती गेले, याची नोंद माझ्या हातात आलेल्या एकाही कागदावर मला दिसली नाही. ही नोंद गावातच, शिवणाच्या टेपने आणि एका खुर्चीने ठेवता येते. ती आपल्या जिल्ह्यात सुरू व्हावी.

माझ्या शेजारी एक मावशी राहतात. वय साठीच्या आतबाहेर, नवरा नाही, थोडं वावर बटईने दिलेलं, वेचणीच्या दिवसांत स्वतःही दुसऱ्यांच्या कापसात जातात. शुगर जुनी. मध्यंतरी पैशापायी गोळ्यांत खंड पडला आणि साखर बरेच महिने तीनशेच्या वर राहिली. मग मुलीने तिच्या गावाकडच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं, औषधं बदलून मिळाली, साखर खाली आली. त्या सगळ्या काळात वजन 53 वरून 46 किलोवर आलं. गावात ज्याने त्याने कौतुक केलं, शुगरही उतरली आणि अंगही हलकं झालं म्हणून. त्यांनाही बरं वाटलं. भीतीपोटी त्यांनी रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलं होतं. डाळ वातूळ म्हणून बंद. अंडं त्यांच्या घरात कधी शिजलंच नाही.

एका दुपारी त्या पट्ट्या घेऊन आल्या आणि माझ्या ओसरीवर खाली बसल्या. उठताना त्यांनी एक हात गुडघ्यावर रोवला, दुसऱ्याने दाराची चौकट धरली, तरी पहिल्या हिसक्याला उठणं झालं नाही. पोलक्याची बाही पूर्वी दंडाला घट्ट बसायची, आता तिच्यात माझी दोन बोटं सहज गेली. पोट मात्र लुगड्याच्या गाठीवर आलेलं होतं. मी टेप काढला. कंबर 86 सेंटिमीटर भरली, पोटरीचा सगळ्यात जाड भाग 27. काट्यावरून सात किलो गेले खरे, पण ते मांड्या, दंड आणि पोटऱ्यांवरून गेले होते. पोटावरची चरबी बऱ्यापैकी जागच्या जागी होती.

यात कुणा डॉक्टरचा दोष काढायचा नाही. त्यांच्यासमोर दोन आकडे होते आणि ते दोन्ही सुधारलेले होते. तिसरा आकडा कुणी घेतलाच नव्हता, तर त्यांना दिसणार कुठून?

हातपाय बारीक आणि चरबी पोटावर, ही आपल्या माणसांच्या अंगाची ठेवण आजची नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी एकसारखा, 22.3. म्हणजे उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. काट्याला आणि उंचीच्या पट्टीला जो फरक दिसला नाही, तो आत दुपटीहून जास्त होता. त्याच्याही आधी, 1993 पासून, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला होता. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. लहानखुरी असूनही पुण्याकडच्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी पडलं होतं ते मुख्यतः मांस. जी बाळं अशी जन्मतात ती पुढे दिसायला बारीक राहूनही पोटात चरबी धरू शकतात. आदिलाबादच्या कापूसपट्ट्यात किंवा उटनूर, इंद्रवेल्लीकडच्या गोंड-कोलामांच्या गुड्यांत चित्र याहून वेगळं असेल, असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

मांस गेलं म्हणजे फक्त ताकद गेली, एवढ्यावर हे थांबत नाही. इन्सुलिनच्या जोरावर रक्तातली साखर ओढून घेण्याचं काम मुख्यतः स्नायू करतात. इन्सुलिन देऊन केलेल्या मोजण्यांत त्यांचा वाटा सुमारे 80 टक्के निघालेला आहे. घरातली कणगीच लहान झाली तर आलेलं पीक अंगणात पडून राहतं, तशी ही गत आहे. आज गोळीने साखर उतरली, पण ती जिरवणारं मांस कमी झालं, तर पुढे तीच साखर आटोक्यात ठेवायला जास्त औषध लागू शकतं.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याला फार लागू आहे. एप्रिल 2025 मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेत इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने कुपोषणातून उद्भवणाऱ्या मधुमेहाला ‘टाइप 5’ अशी स्वतंत्र ओळख दिली. जागतिक आरोग्य संघटनेने 1985 साली असा प्रकार यादीत घेतला होता आणि 1999 साली काढून टाकला होता. तो पुन्हा मानला जावा यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनाचा मोठा हात आहे. लहानपणापासून पोटाला कमी पडलेली, हाडकुळी, ऐन तरुणपणी शुगर निघालेली ही माणसं. त्यांच्या अंगात इन्सुलिनच कमी तयार होतं. वजन उतरवणारं औषध अशांच्या हाती नेमकं उलटं पडू शकतं. आपल्या पी.एच.सी.त, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिशीचा, 42 किलोचा शेतमजूर साखर घेऊन आला तर त्याला आणि शहरातल्या 85 किलोच्या दुकानदाराला एकाच मापाने मोजून भागणार नाही.

आता औषधांकडे येते. शुगरची सगळी औषधं साखर उतरवतात, पण चरबी आणि मांस यांच्याशी त्यांचं वागणं सारखं नसतं. ज्या घरात पट्टी येते तिथे हा फरक कुणाला माहीत नसतो.

माझ्यापुढे येणाऱ्या पट्ट्यांत सगळ्यात जास्त दिसते ती ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी. स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, काम करते. ग्लिमेपिराइडच्या कुळातली औषधं वजन थोडं वाढवतात. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निकाल 1998 साली आले. त्यात मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्या लोकांच्या तुलनेत याच कुळातल्या ग्लिबेनक्लामाइडवरच्या लोकांचं वजन 1.7 किलोने आणि इन्सुलिनवरच्या लोकांचं 4 किलोने जास्त वाढलं. आमच्याकडे त्यात आणखी एक भर पडते. सकाळी गोळी घेऊन बाई वावरात जाते, न्याहारीला उशीर होतो, साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हात कापायला लागतात. मग जे हाताशी असेल ते, म्हणजे गोडमिट्ट चहा आणि बिस्किटांचा पुडा. त्या वेळेला गोड खाणं बरोबरच आहे, जीव वाचतो. पण आठवड्यातून दोनदा असं व्हायला लागलं तर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलायला हवी. ते कुणी सांगत नाही आणि पोट वाढत जातं.

मेटफॉर्मिन वजनाच्या बाबतीत निरुपद्रवी, झालं तर थोडं उतरवणारंच. त्याच्याबद्दल एक जपून सांगण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ‘मास्टर्स’ नावाच्या अभ्यासात, ज्याचे निकाल 2019 साली आले, 65 वर्षांपुढच्या आणि मधुमेह नसलेल्या माणसांना 14 आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला. काहींना सोबत मेटफॉर्मिन, काहींना नकली गोळी. व्यायाम सगळ्यांनी केला, पण मेटफॉर्मिनवाल्यांचे स्नायू तुलनेने कमी वाढले. यावरून मधुमेह असलेल्याने मेटफॉर्मिन सोडावं असं कुणीही जाणता माणूस म्हणत नाही, मीही म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्याचं बी-12 अधूनमधून तपासलं जावं. ते कमी झालं की पाय बधिर होतात, तोल जातो, चालणं कमी होतं, आणि सगळं खापर म्हातारपणावर फुटतं.

पायोग्लिटाझोन अजून काही पट्ट्यांवर दिसतं. जून 2013 मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली आणि जुलैअखेर ती उठवली. हे औषध वजन वाढवतं, अंगात पाणी धरून ठेवतं, बायकांत हाड मोडण्याचा धोका वाढवतं. पण तेच औषध यकृतातली आणि पोटातली चरबी कमी करून कातडीखाली सरकवतं. काट्यावर वाईट दिसणारी गोष्ट आतून काही अंशी बरी असते. नुसतं वजन पाहणाऱ्याला यातलं काय कळणार? टेनेलिग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन यांचा वजनावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

इन्सुलिनबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण त्याच्याविषयी आमच्याकडे जितकी भीती आहे तितकी दुसऱ्या कशाचीच नाही. सुई लागली म्हणजे शेवट जवळ आला, असंच लोक धरून चालतात. इन्सुलिन वजन वाढवतं हे खरं. पण ज्याच्या अंगात इन्सुलिन उरलेलंच नाही त्याचं शरीर स्वतःचं मांस आणि चरबी मोडून खात असतं. ती झीज इन्सुलिनच थांबवतं. मावशींच्या साखर तीनशेवर राहिलेल्या महिन्यांत त्यांचं मांस कसं उतरलं याचं उत्तर यातच आहे. वाळत चाललेल्या, साखर खूप वाढलेल्या माणसाला वेळेवर इन्सुलिन मिळालं तर अंग भरून येतं, आणि ते भरणं चांगलं असतं. दुसरी गोष्ट टोचायच्या जागेची. बेंबीच्या उजव्या बाजूला एकच जागा पकडून तिथेच महिनोन्‌महिने टोचणारी माणसं मी पाहिली आहेत, कारण तिथे दुखत नाही. तिथे कातडीखाली चरबीची मऊ गाठ धरते. तिच्यात टोचलेलं इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही, आणि साखर वरखाली होत राहते. डॉक्टर मात्रा वाढवत जातात. आशाताईने घरी गेल्यावर पोटावरून एकदा हात फिरवून पाहिलं तर ही गाठ बोटांना लागते.

आता लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात ऑक्टोबर 2020 मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. भाव पडले आणि या गोळ्या खेड्यापर्यंत आल्या. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा फायदा मोठा आहे, म्हणून त्या आल्या याचा मला आनंदच आहे. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम साखर लघवीतून निघून जाते. 2012 साली छापलेल्या एका अभ्यासात 24 आठवड्यांत डापाग्लिफ्लोझिनने नकली गोळीच्या तुलनेत 2.08 किलो वजन उतरवलं, त्यातलं 1.48 किलो चरबीचं होतं. म्हणजे दहा वाट्यांतले सात वाटे चरबी. हिशेब चांगलाच आहे. पण ती माणसं युरोपातली होती आणि त्यांचा बीएमआय सरासरी 32 च्या आसपास होता. त्यांच्याकडे घालवायला चरबी होती, ताटात प्रथिनं होती. तीच गोळी 48 किलोच्या, एक वेळ जेवणाऱ्या बाईला दिली तर शरीर ती तूट कुठून भरून काढेल? मला वाटतं मावशींच्या बाबतीत हेच झालं. आधी वाढलेल्या साखरेने मांस खाल्लं, मग बदलून मिळालेल्या या गोळीने साखर बाहेर काढली, आणि ताटात भर पडण्याऐवजी ते आणखी रिकामं झालं.

याच गोळ्यांबद्दल दोन सूचना उन्हाळ्याआधी गावोगाव पोचायला हव्यात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. लघवी वाढवणाऱ्या गोळीवर असलेल्याने पाणी वाढवलं नाही तर चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. आणि उलट्या, ताप किंवा कडक उपास असेल तेव्हा ही गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. इन्सुलिन कमी असलेल्या बारीक माणसात साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली आणि मशीनवर साखर 180 दाखवते म्हणून घरीच बसून राहिलं, तर जीवावर बेतू शकतं.

शेवटी वजन उतरवणाऱ्या त्या सुया, ज्यांची चर्चा आता हैदराबादला शिकणाऱ्या मुलांच्या फोनवरून आमच्या ओट्यापर्यंत आली आहे. टिर्झेपॅटाइड मार्च 2025 मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लूटाइड जूनमध्ये. सेमाग्लूटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची, त्यापुढे देशी कंपन्यांना ते बनवायला मोकळीक. मेटफॉर्मिनचं झालं, डापाग्लिफ्लोझिनचं झालं, तसं हेही आज ना उद्या आदिलाबादच्या मेडिकल दुकानात येणार. सेमाग्लूटाइडच्या ‘स्टेप 1’ या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. त्यातल्या काही लोकांची यंत्राने चरबी-मांस अशी वेगळी मोजणी केली तेव्हा चरबी 19.3 टक्क्यांनी आणि चरबीविरहित भाग 9.7 टक्क्यांनी कमी झालेला आढळला. किलोच्या हिशेबात गेलेल्या वजनातला सुमारे 40 टक्के वाटा चरबीचा नव्हता. टिर्झेपॅटाइडच्या ‘सर्माउंट 1’ मध्ये हा वाटा चौथाईच्या आसपास होता. दोन्ही चाचण्यांतली माणसं मधुमेह नसलेली, लठ्ठ किंवा जाड होती. हा चरबीविरहित भाग म्हणजे सगळं मांसच नव्हे, त्यात पाणी आणि आतले अवयवही आले. आणि 110 किलोच्या माणसाने थोडं मांस घालवून खूप चरबी घालवली तर त्याचं चालणं-उठणं सुधारतंच. त्यामुळे या औषधाला वाईट म्हणायला मी धजणार नाही. पण ज्या माणसाकडे मुळातच मांस कमी आहे त्याला 40 टक्क्यांचा वाटा परवडणारा नाही. शिवाय सेमाग्लूटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचं त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. पैसे संपले की आमच्याकडे औषध बंद होतं. वजन परत येईल तेव्हा मांस त्या प्रमाणात परत येईल, याची खात्री कोण देणार?

म्हणून मोजमापाची गोष्ट. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा जो कागद आशाताई घरी येऊन भरतात त्यात कंबरेचं माप आधीच आहे. बाईची 80 पर्यंत, पुरुषाची 90 पर्यंत, त्यावर गेली की गुण वाढतात. हे उत्तम आहे. त्या कागदामुळेच आमच्या गावात कित्येकांची शुगर वेळेवर सापडली. माझं म्हणणं इतकंच की हे माप शुगर सापडायच्या आधी घेतलं जातं, सापडल्यानंतर आणि औषध सुरू झाल्यानंतरही ते घ्यावं. सहा महिन्यांनी टेप पुन्हा त्याच जागी लावावा. सोबत पोटरीचं माप. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषांत पुरुषाची पोटरी 34 सेंटिमीटरच्या आत आणि बाईची 33 च्या आत असली तर स्नायू कमी असण्याची शंका घ्या, असं म्हटलं आहे. आमच्याकडच्या कित्येक बाया धडधाकट असूनही 33 च्या आत भरतील, म्हणून मला त्या सीमेपेक्षा त्याच बाईचा मागचा आकडा जास्त मोलाचा वाटतो. 31 ची पोटरी सहा महिन्यांत 29 झाली आणि कंबर तिथेच राहिली, तर वजन किती का उतरेना, औषधाकडे आणि ताटाकडे पुन्हा पाहायला हवं. आणि खुर्ची. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. त्याच निकषांत 12 सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर शरीराची कार्यक्षमता घटली असं धरतात. हे करायला ना वीज लागते ना रक्त. शाळेतली खुर्ची आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

हे माप घेतलं आणि पुढे काहीच झालं नाही, तर उपयोग नाही. ताटाबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. आपल्या हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसासाठी प्रथिनांचं प्रमाण किलोला 0.83 ग्रॅम ठरवलं आहे. 50 किलोच्या बाईला रोज 42 ग्रॅमच्या आसपास. वय वाढलेल्याला त्याहून जास्त, किलोला 1 ते 1.2 ग्रॅम लागतं, असं वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून. ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर भात आणि पातळ वरण एवढ्यावर गाडी 30 ग्रॅमच्या पुढे फारशी जात नाही. 2025 च्या उगादीपासून रेशनवर माणशी 6 किलो बारीक तांदूळ, सन्नबिय्यम, फुकट मिळतो. गरिबाच्या घरी तो मोठा आधार आहे आणि तो राहावा. पण वावरात कापूस, घरात रेशनचा भात, आणि ज्वारी-तूर-मूग विकत, अशी आमची अवस्था झाली आहे. शुगर निघालेल्या बाईला ‘गोड खाऊ नका, भात कमी करा’ एवढंच सांगितलं जातं. भाताच्या जागी काय वाढायचं हे सांगितलं जात नाही, म्हणून ती जागा रिकामी राहते. तिला सांगावं की डाळ घट्ट शिजव, मूग-मटकीची उसळ कर, शेंगदाण्याची चटणी घे, चालत असेल तर रोज एक अंडं, नसेल तर वाटीभर दही. डाळीने शुगर फारशी वाढत नाही, हे तिला दवाखान्यातल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. माझ्या सांगण्याला ती हो म्हणते आणि घरी जाऊन डाळ सोडते.

व्यायामाचा विषय काढला की लोक म्हणतात, जन्मभर राबतो, आणखी व्यायाम कशाला? राबणं खरंच आहे. पण वेचणी दिवाळीपासून फार तर फेब्रुवारीपर्यंत. तीत कंबर मोडते, बोटं सोलतात. मांडीच्या स्नायूंवर भार मात्र फारसा येत नाही. साठीनंतर वावर सुटतं आणि माणूस ओट्यावर येतो. रोज खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली, एवढंही पुष्कळ आहे. महिला बचत गटाच्या बैठकीत सुरुवातीची दहा मिनिटं यासाठी दिली तर कुणाला लाज वाटणार नाही.

हे सगळं एकदम जिल्हाभर करा, असं मी म्हणत नाही. बेला मंडलात एक वर्ष करून पाहा. ज्यांना नव्याने डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू होईल, ज्यांना इन्सुलिन लागेल, आणि साठीपुढचे सगळे शुगरवाले, यांची कंबर, पोटरी आणि खुर्चीची वेळ औषध सुरू होताना आणि सहा महिन्यांनी लिहून ठेवा. आकडे जुळवायला रिम्स या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना गावात पाठवता येईल. 2008 पासून हे महाविद्यालय आपल्या शहरात आहे, आणि पुस्तकात पाहिलेला याज्ञिकांचा फोटो आपल्या जिल्ह्यातल्या माणसांत पडताळून पाहायची संधी त्यांना मिळेल. आशाताईंसाठी एका पानाचा मजकूर लागेल, तो मराठीत मी लिहून देते, आपल्या डॉक्टरांनी तपासून घ्यावा. गोंडी आणि कोलामीसाठी उटनूरच्या आयटीडीएकडून, म्हणजे आदिवासी विकास संस्थेकडून, माणसं मिळतील.

हे पत्र उघडं आहे, गावातली माणसंही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी एक ओळ इथेच लिहिते. यातलं काही वाचून चालू असलेली गोळी किंवा सुई आपल्या मनाने बंद करू नका, कमी करू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा उठायला त्रास होतो का, कपडे कुठे सैल झाले, दिवसात किती वेळा जेवता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

मावशींना मी पी.एच.सी.त घेऊन गेले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी टेपचे आकडे कागदाच्या कोपऱ्यात पेनाने लिहून घेतले, औषधांत बदल केला आणि डाळ पुन्हा सुरू करायला बजावून सांगितलं. त्या आकड्यांसाठी कागदावर छापील रकाना नव्हता. तो छापायचा अधिकार आपला आहे. आपल्या पुढच्या मासिक आढावा बैठकीत हा विषय घ्यावा, आणि बोलावलंत तर टेप घेऊन यायची माझी तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
बेला मंडल, जि. आदिलाबाद